नको म्हणायची जागा

बेसबॉलचा खरा चेंडू मी आजतागायत हातात धरलेला नाही. तो चामड्याचा असतो म्हणतात, त्याला लाल टाके असतात. असतील. आमच्या विट्यात तो कुणीच पाहिलेला नाही. पण बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये बसून मी जपानच्या लीगमधले चारशेच्या वर फलंदाज बाद केलेत, आणि तेही एका अंगठ्यानं. हे आधीच सांगून ठेवते. पुढं या गोष्टीत कोट घातलेली माणसं येणार आहेत, आणि कोट बघितला की तुम्हाला वाटणार, यांनाच जास्त कळतं. तसं काही नसतं.

खेळ सोपा आहे. पडद्यावर जपानातून खेळणाऱ्याचा फलंदाज उभा असतो. त्याच्यापुढं एक मोठं कडं उमटतं आणि आकसत येतं. मधोमध पांढरी गोल रेघ. कडं रेघेवर टेकलं की बटण दाबायचं, चेंडू सुटतो. लवकर दाबलं तर चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून जातो. उशिरा दाबलं तर ढिला पडून त्याच्या पोटासमोर येतो, आणि तो त्याला मैदानाबाहेर घालवतो. नेमका क्षण सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा. डोळ्यानं बघून दाबणारा हरतो, कारण डोळ्याला दिसेपर्यंत ती वेळ गेलेली असते. ती अंगात मोजावी लागते. पहिलं कडं सोडून दुसऱ्यावर टाकायचीही मुभा असते. माझी सगळी कमाई त्याच्यावर. मी पहिल्या कड्यावर अगदी टाकतेय असं अंग न्यायची आणि ऐन वेळी अंगठा हवेत रोखायची. हातावरच्या कॅमेऱ्यातून माझा अंगठा बघणारा समोरचा हवेत बॅट फिरवून मोकळा.

हे मला कुठल्या कोचनं शिकवलं नाही. आबांनी शिकवलं, आणि आबांना बेसबॉल म्हणजे काय हे आजही माहीत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवायचे. गावानं आम्हाला वाजवायला बोलवायचं आणि जेवायला लांब बसवायचं, तो जमाना त्यांनी पाहिलाय. त्यांची अकड एकाच गोष्टीत होती. पैलवानाची पाठ मातीला टेकली की हलगी त्याच क्षणी बंद. टिपरू हवेत असलं तर हवेतच. पाठ टेकल्यावर एक ठोका जरी जास्त पडला तरी त्या दिवशी आबा जेवायचे नाहीत.

"वाजवायला काय, गाढवबी लाथ मारून वाजवंल," म्हणायचे. "थांबायला हात लागतो."

आणि दुसरं एक म्हणायचे, "वाद्याला दोष द्यायचा न्हाई. चुकला तर हात चुकला."

पहिलं वाक्य सोन्याचं. दुसऱ्या वाक्यानं मी एका बाईचं आयुष्य नासवत आणलं.

आमचा संघ आठ जणांचा. सांभाळायचा माझा मोठा भाऊ, प्रथमेशदादा. त्या वर्षी पुण्याहून निरंजन सर आले. गोरे, मृदू, प्रत्येकीला 'ताई' म्हणणारे. त्यांच्या कंपनीनं कपाळाला लावायची एक पट्टी काढली होती, नाव 'निमिष'.

"ताई, तुमचा अंगठा हलण्याच्या कितीतरी आधी मेंदूत त्याची तयारी सुरू होते," त्यांनी समजावलं. "आमची पट्टी ती तयारी अंगठा हलायच्या तीनशे मिलिसेकंद आधी ओळखते आणि लगेच चेंडू सोडण्याचा हुकूम पाठवते. विट्यातून जपानपर्यंत सिग्नल जायला जो उशीर होतो, तो त्यात विरघळून जातो. तुम्ही ठरवता त्याच क्षणी चेंडू सुटतो. बोटाची वाट कशाला बघायची?"

ऐकायला झकास. खोटंही नाही. पहिल्या आठवड्यात शेडमधली साधी पोरं मुरलेल्या खेळाडूंसारखी चेंडू टाकायला लागली. दादानं आठही जणांच्या वतीनं सही केली. करारात एक कलम होतं, पट्टीची खेळाबाहेर कुठलीही चाचणी घ्यायची नाही. कोण वाचतं? लीगनं पुढच्या मोसमापासून पट्टी सक्तीची केली.

त्याच आठवड्यात खेळातून एक नियम गुपचूप गेला. आधी फलंदाजाला ऐन वेळी हात वर करून खेळ थांबवता यायचा. त्यानं हात वर केला की पडदा लाल व्हायचा, लाल झाल्यावर चेंडू टाकला तर गोलंदाजाला दंड. त्यात मी तरबेज होते. जपानी समालोचक मला 'थांबणारी बाई' म्हणतात, असं भाषांतर करणारं यंत्र सांगायचं. तो 'थांबा' खेळातून काढून टाकला. कारण दिलं, खेळ वेगवान व्हावा म्हणून. मला ते खटकलं. पण खटकलं म्हणून आपण काय करतो? गप बसतो. मीही बसले.

आणि माझा खेळ बिघडला. पहिल्या कड्यावर अंग न्यायची, अंगठा रोखायची, तरी चेंडू सुटायचा. मी म्हटलं, हात बिघडला. आबांची लेक ना मी! तीन आठवडे रोज सहा सहा तास घासलं. अंगठा सुजला. पट्टीकडं एकदाही संशयानं बघितलं नाही.

याच दिवसांत पट्टी खेळातून बाहेर पडली आणि कारखान्यांत शिरली. माझी वहिनी मयुरी, दादाची बायको, एमआयडीसीत पत्रा कापायच्या प्रेसवर होती. आधी त्या प्रेसला दोन बटणं असायची, दोन हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात साच्यात राहायला नकोत. पट्टी आली, बटणं गेली. तिच्या जोडीला असलेल्या तबस्सुमनं पत्रा सरकवायचा आणि मयुरी वहिनीनं नुसतं मनात आणायचं. काम दुप्पट. साहेब खूश.

एका मंगळवारी पत्रा अडकला. तबस्सुमनं तो सोडवायला डावा हात आत घातला. वहिनीच्या मनात हुकूम आला तोच तिनं तो हात बघितला. प्रेस पडली. तबस्सुमची दोन बोटं गेली.

पट्टीच्या कंपनीचा अहवाल चार ओळींचा होता. यंत्र निर्दोष. आदेश चालक महिलेच्या मेंदूतून आला. तेवढ्या वेळात आदेश मागे घेणं कोणत्याही माणसाला शक्य नसतं, सबब हा आदेश तिचाच. बेपर्वाईची तक्रार वहिनीवर.

ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली. मी तिच्याजवळ गेले.

"मी बघितला गं तिचा हात, सानू," ती म्हणाली. "नको म्हटलं मी मनात. तरी पडली."

आणि मी, सानिका अंकुश वायदंडे, मोठी शहाणी, काय म्हणाले? "वैनी, वाद्याला दोष देऊन काय उपयोग? हात चुकला म्हणायचं आन् पुढं जायचं."

ती पुढं गेली नाही. तिनं घरातली विळी माळ्यावर टाकली. गॅसजवळ कुणी उभं असलं की ती पेटवायची नाही. सहा वर्षांच्या स्वतःच्या लेकीची वेणी घालायचं बंद केलं.

"माझ्या मनात काय येईल मला सांगता येत न्हाई," म्हणायची. "वर वर नको म्हणते, आतनं करतेच की मी."

स्वतःच्या हाताला घाबरणारी बाई तुम्ही पाहिलीय का? मी पाहिलीय. रोज. एकाच ताटाशी.

मला कळलं ते योगायोगानं. सुजलेल्या अंगठ्याला आराम म्हणून शेडमधल्या जुन्या संगणकावर बसले. त्यात खेळाची तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती होती, लाल पडद्यासकट. पट्टी न लावता सहज खेळायला लागले. पडदा लाल झाला, अंगठा थांबला. परत लाल, परत थांबला. माझा हात जसाच्या तसा होता! मी पट्टी लावली. लाल झालं, मी थांबले, चेंडू गेला. पट्टी काढली, थांबला. लावली, गेला. दुपारभर तेच.

मग संगणकानं नोंदवलेल्या वेळा मांडून बघितल्या आणि डोक्यात उजेड पडला. पट्टी तीनशे मिलिसेकंद आधी हुकूम पकडते. पण माणूस आपला हुकूम मागं घेऊ शकतो, अंगठा हलायच्या साधारण दोनशे मिलिसेकंद आधीपर्यंत. त्याच्या पुढं मात्र कुणाच्या बापाला जमत नाही. तीनशे आणि दोनशे. मधे राहिले शंभर. सेकंदाचा दहावा भाग. माणसाची 'नको' म्हणायची जागा तेवढीच, आणि पट्टीनं नेमकी तीच खाल्ली होती. मेंदूनं 'हाण' म्हटलं की ती ऐकायची. लगेच मागनं 'नको' म्हटलं, तर तोवर ती निघून गेलेली असायची. आणि कंपनीच्या नोंदीत फक्त 'हाण' लिहिलेलं असायचं.

म्हणून 'थांबा' खेळातून काढला होता. पट्टीवाल्यांना हे आधीच माहीत होतं.

घरी येऊन आबांना सांगितलं. "आबा, हात न्हाई चुकत. वाद्य चुकतंय."

आबांनी तंबाखू मळता मळता विचार केला. सत्तरीचा माणूस, त्यांच्या अख्ख्या धर्मावर मी लाथ मारत होते.

"नक्की?"

"दुपारभर बघितलं."

"मग फोडा तसलं वाद्य," आबा म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली.

दादाशी एवढं सोपं नव्हतं. वहिनीची सुनावणी सांगलीच्या कामगार कार्यालयात शुक्रवारी दुपारी दोनला होती. आमची फायनल शुक्रवारीच, जपानात संध्याकाळ म्हणजे आपल्याकडं दुपारी अडीचला.

"मी सांगलीत असणार," मी म्हटलं.

"येडी झालीस का? फायनल हाय!"

"फायनल तिथनंच खेळणार. पट्टी लावून. लीगची नोंद जगाला उघडी असते, तिच्यात नंतर कुणाला हात घालता येत न्हाई. शेडात बसून दाखवलं तर म्हणतील, पोरींनी यंत्रात काहीतरी केलं."

दादा खुर्चीवरून उठला. "करार मोडतोय त्यानं. आठ जणांची चूल पेटती ह्या शेडवर, कळतंय का तुला? तू एकटी न्हाईस."

"आणि तुझ्या घरची चूल? वैनी गॅस पेटवायला घाबरती, दिसतंय न्हवं तुला?"

"ती काय कायमची..." त्यानं वाक्य तोडलं. "वकील बघू आपण. नीट मार्गानं जाऊ."

"नीट मार्गानंच चाललेय. विटा-सांगली एसटीनं."

"तू गेलीस तर परत ह्या शेडात पाय ठेवायचा न्हाई."

"बरं," मी म्हटलं. ती शेड मी झाडून, पुसून, वायरी ओढून उभी केली होती.

शुक्रवारी वहिनीला जवळजवळ ओढूनच नेलं. कार्यालयात सुनावणी घ्यायला खोत मॅडम होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, समोर फायलींचा ढीग आणि बशीनं झाकलेला चहा. एका बाजूला निरंजन सर आणि त्यांचे वकील. दुसऱ्या बाजूला तबस्सुम, डाव्या हाताला अजून बँडेज. वहिनी तिच्याकडं बघेना. तबस्सुम मात्र सरळ बघत होती, आणि त्या बघण्यात राग आहे की काय आहे, मला कळेना.

निरंजन सर मृदूपणे म्हणाले, "मॅडम, आम्हाला मयुरीताईंबद्दल सहानुभूतीच आहे. पण विज्ञान स्पष्ट आहे. एकदा आदेश निघाला की माणसाला तो थांबवता येत नाही."

"थांबवता येतो," मी मागून म्हटलं.

"तुम्ही कोण?" खोत मॅडम.

"नणंद. आन् ह्यांचीच पट्टी लावून खेळणारी गोलंदाज. अर्ध्या तासात माझी फायनल सुरू होतीया. तुमच्या टेबलावर खेळू द्या. मी टाकायला अंग नेलं की तुम्ही मनाला येईल तेव्हा टेबलावर काहीतरी आपटा. आवाज आला की मी थांबायचं, एवढंच. आवाजाची वेळ माइकमध्ये येईल, चेंडूची वेळ लीगच्या नोंदीत."

वकील उभे राहिले. "मॅडम, हे सरकारी कार्यालय आहे. इथं खेळ?"

खोत मॅडमनी चष्मा वर केला. "तुमची पट्टी आधी खेळातच आली ना? मग खेळातच बघू." आणि ड्रॉवरमधून कार्यालयाचा मोठा लाकडी शिक्का काढला. "हा चालेल?"

अडीच वाजले. विट्याहून आणलेला संगणक टेबलावर मांडून मी पट्टी लावली. हातावर रोखलेल्या कॅमेऱ्यातून माझा अंगठा तिकडं लाखभर लोकांना दिसत होता. पहिलं कडं आकसलं. धाड! शिक्का पडला. मी थांबले. अंगठा बटणाच्या वर, हवेत, दगडासारखा. चेंडू गेला. ढिला. फलंदाजानं तो गॅलरीत पाठवला.

धाड. गेला. धाड. गेला.

बारा वेळा केलं. मी देव नाही आणि खोत मॅडम घड्याळ नाहीत. दोनदा शिक्का फारच लवकर पडला, तेव्हा पट्टीसकट थांबले. तीनदा इतका उशिरा पडला की कुणीच थांबलं नसतं. उरले सात. सातही वेळा अंगठा हवेत आणि चेंडू जपानात. फलकावर आमची अब्रू जात होती. फोन थरथरत होता, पडद्यावर 'दादा'.

"बंद करा तो," खोत मॅडम म्हणाल्या. त्यांनी आता बाह्या सारल्या होत्या.

मग मी पट्टी काढली. लीगचा नियम असा, की पट्टी निघाली तर दहा मिनिटांत परत लावायची, नाहीतर सामना गेला. दहा मिनिटं मला पुरेशी होती. परत बारा वेळा. पाचदा शिक्का उशिरा पडला, चेंडू गेले. दोनदा खूप आधी. उरले पाच, पट्टीनं जिथं मला फसवलं होतं बरोबर त्याच फटीत पडलेले. पाचही वेळा मी थांबले. कडं रेघेवरून निघून गेलं आणि फलंदाज हवेत बॅट फिरवून माझ्याकडं बघत राहिला.

दहा मिनिटं संपली. पडद्यावर जपानी अक्षरं आली. यंत्रानं भाषांतर केलं, 'संघ बाद. गोलंदाज कायमची बाद.' मी संगणक शेडमधून उतरवून आणलेल्या जुन्या खेळाकडं वळवला.

निरंजन सरांचा मृदूपणा पहिल्यांदा फाटला. "ही व्यावसायिक खेळाडू आहे! वर्षानुवर्षं हेच करते. सामान्य कामगार बाईला हे जमणार नाही. ही तुलनाच गैर आहे."

सामान्य कामगार बाई. तो शब्द टेबलावर पडला आणि सगळ्यांनी वहिनीकडं बघितलं.

"या, बसा," खोत मॅडम म्हणाल्या.

"नको मॅडम." वहिनीनं उजवा हात पदरात गुंडाळला. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. एवढ्या कोटवाल्यांसमोर. "वैनी, त्या दिवशी मी तुला हात चुकला म्हटलं. मी चुकीचं बोलले. मला काही कळत नव्हतं आन् मी शहाणपणा केला. ह्यांचा अहवाल तुला लागला नसंल एवढं माझं बोलणं लागलं. ते मी परत घेते. पण माझ्या शब्दावर इस्वास ठेवू नको. तुझा तू बघ."

तिनं पदरात गुंडाळलेला हात सोडवला. मग उठली आणि, पट्टी न लावता, खुर्चीत येऊन टेकली. अंगठा बटणावर ठेवताना तिनं डोळे मिटले होते. मी म्हटलं, डोळे उघड. कडं रेघेवर आलं की दाबायचं, आवाज आला की नाही दाबायचं, बस्स.

पहिल्यांदा शिक्का उशिरा पडला. चेंडू गेला. वहिनीचा चेहरा पांढराफटक झाला आणि ती अर्धी उठली. "बघितलंत? मी म्हटलं न्हवतं?"

"हे ग्राह्य धरलं जावं," वकील म्हणाले.

"मॅडम, तो शिक्का माझ्याकडं द्या."

तबस्सुम उठली होती. निरंजन सर म्हणाले, नाही नाही, हे बरोबर नाही. खोत मॅडमनी त्यांच्याकडं न बघता शिक्का पुढं केला. तबस्सुमनं तो डाव्या हातात घेतला. तीन बोटांनी. पकड बसेना, तिनं तळहातात रुतवून धरला आणि वहिनीच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"बस मयुरी," ती म्हणाली. "मी हाय की."

"तबू, माझ्याच्यानं..."

"बस म्हणते ना. रडायचं नंतर."

कडं उमटलं. आकसत आलं. वहिनीचा अंगठा खाली निघाला, मला दिसला, नखाखालचं रक्त सरकलं. धाड!

अंगठा थांबला. बटणापासून केसभर वर. कडं रेघेवरून गेलं, लहान झालं, विझलं. चेंडू सुटला नाही.

वहिनी स्वतःच्या अंगठ्याकडं अशी बघत होती, जसं काही तो कुणीतरी आत्ताच आणून तिच्या हाताला लावला होता.

"थांबला," ती म्हणाली.

"मला दिसलं," तबस्सुम म्हणाली. "त्या दिवशीबी थांबली असशील."

वकील काहीतरी बोलायला लागले, हे नोंदीवर घेऊ नये, एका वेळेवरून काही सिद्ध होत नाही. खोत मॅडमचं पेन चालतच होतं.

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि अंगठा परत बटणावर ठेवला. डोळे उघडे.

"ते म्हणतायत एकदानं काय होत न्हाई," ती म्हणाली. "मार तबू. परत मार."